जादाचा ठोकळा

पोत्याला भोक पडलं होतं, हे पोतं आणणाऱ्याला सोडून सगळ्या रस्त्याला कळलं होतं.

फाटकातून आत, अंगण ओलांडून, दोन पायऱ्या चढून, धुतलेल्या फरशीवरून थेट ठोकळाबाईच्या टेबलापर्यंत काळ्या चुऱ्याची एक बारीक रेघ आली होती. रेघेच्या शेवटी तो उभा होता. खांद्यावर पोतं, भुवयांवर धूळ, आणि आपल्याइतका व्यवस्थित माणूस या इमारतीत आजवर आलेला नाही असा चेहरा.

तिने आधी रेघेकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"परत जाताना वाट चुकू नये म्हणून सोय केलीय का?"

त्याने मागे वळून पाहिलं, आणि तो व्यवस्थितपणा चेहऱ्यावरून पार उतरला. "अरे... म्हणजे... मी झाडून देतो."

"झाडू दाराच्या मागे आहे."

आता असं म्हणणारे पुष्कळ असतात. ‘झाडून देतो’ म्हणतात आणि उभेच राहतात. याने पोतं भोक वर करून भिंतीला टेकवलं, झाडू घेतला आणि फाटकापर्यंत सगळं झाडून काढलं, पायऱ्यांच्या कोपऱ्यांसकट. खिडकीतून ती बघत होती. कामात होती, तरी बघत होती.

तिचं काम असं होतं. गावात कुठेही इमारत उभी राहो, पूल होवो नाहीतर रस्ता, तिथल्या काँक्रीटचा नमुना या तपासणी केंद्रात यायचा. लोखंडी साच्यांत ते काँक्रीट भरून वीतभराहून थोडे लहान चौकोनी ठोकळे करायचे, ते पाण्याच्या हौदात बुडवून ठेवायचे, आणि सातव्या दिवशी तीन, अठ्ठाविसाव्या दिवशी तीन असे मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती भाराला फुटला तो आकडा लिहायचा. नऊ वर्षं ती ठोकळे फोडत होती, म्हणून लोक तिला ठोकळाबाई म्हणत. तोंडावर ‘मॅडम’, पाठ फिरली की ठोकळाबाई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. तिचा आकडा विनवणीने हलत नसे, ओळखीने तर नाहीच. मोठमोठे ठेकेदार तिच्या टेबलासमोर शाळेतल्या पोरांसारखे हात मागे बांधून उभे राहत.

हा मात्र झाडू हातात घेऊनच उभा राहिला.

"काय आहे हे?" तिने पोत्याकडे बोट केलं.

"टायर."

"हे टायर?"

"होते. ट्रकचे, बसचे, एक माझ्या शाळेच्या गाडीचाही असेल. आता चुरा आहे. दुसरं पोतं फाटकाबाहेर आहे, त्यात बाटल्यांच्या झाकणांचा कीस. वाळूतली थोडी वाळू काढायची, तिच्या जागी हे घालायचं. पायवाटेचं काँक्रीट करायचंय मला."

"रबराचं?"

"हसा. सगळेच हसतात."

"मी हसले नाही," ती म्हणाली. खरंच हसली नव्हती, फक्त ओठ जरा आत घेतले होते.

मग त्याने सगळं सांगितलं. बाबांचं जुन्या टायरांचं आवार, चाळीस वर्षांचं. टायरांत पाणी साचतं, डास होतात म्हणून पालिकेची नोटीस आलेली, महिनाभरात आवार रिकामं करा. ते सगळे टायर एकच जण न्यायला तयार होता, विटांचा भट्टीवाला. तो ते जाळणार. बाबांना ते बघवणार नव्हतं आणि यालाही. पालिकेच्या उद्यानात चालायची नवी वाट व्हायची होती. तिथल्या इंजिनिअरने एवढं म्हटलं होतं की अठ्ठावीस दिवसांचा आकडा वीसच्या वर आणून दाखव, वाट तुझ्या काँक्रीटची करतो, आणि टायर असे चुऱ्यात खपत गेले की आवारही राहील.

"आणि नाही आला तर?"

"तर टायर भट्टीत, बाबा घरात आणि मी दाजींच्या गावी. त्यांचा ट्रकचा धंदा आहे, जागा धरून ठेवलीय माझ्यासाठी." त्याने झाडू दारामागे नेऊन ठेवला. "ताई रोज फोन करते. तिला वाटतं मी इथे टायरांत वाया चाललोय."

ठोकळाबाईने लाल मेणखडू उचलला. ठोकळ्यांवर नंबर घालायला ती तोच वापरायची, पाण्यात पुसत नसे. "रबर धुतलंय का? नुसतं घातलं तर सिमेंट त्याला धरत नाही."

"कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात. तीनदा. नंतर साध्या पाण्यात."

हे मात्र तिला अपेक्षित नव्हतं. तिने पहिल्यांदाच त्याला नीट पाहिलं. त्याच्या बोटांची कातडी सोड्याने सोलवटली होती.

"हातमोजे घालायचे असतात," ती म्हणाली.

"आहेत ना. रबराचे आहेत, वाया घालवायचं जिवावर आलं."

आता ती हसली.

काँक्रीट दोघांनी मिळून कालवलं. साचे थरथरत्या टेबलावर ठेवून भरायचे असतात, म्हणजे आतली हवा निघून जाते. पण रबर हलकं, टेबल जास्त हललं की ते वर तरंगतं. "दहा सेकंद, मोजून," तिने बजावलं. तो मोठ्याने मोजू लागला, एक, दोन, तीन... सातवर त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सातच म्हणाला. वरचं तोंड तिने थापीने सारखं केलं. सहा साचे भरले, तरी घमेल्यात थोडं उरलंच.

"टाकून देऊ?" तिने विचारलं.

"एवढं धुऊन आणलेलं?"

मग एका रिकाम्या साच्यात तेही भरलं. दुसऱ्या दिवशी साचे उघडल्यावर तिने सहा ठोकळ्यांच्या थापीच्या बाजूवर नंबर घातले आणि सातव्यावर लिहिलं, ‘जादा’. तो बघत होता, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीही तो आला होता. तशी काही गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशीही आला. म्हणाला, ठोकळे बघायचेत.

"पाण्यात आहेत. पोहत नाहीत."

"एकदा बघून जातो."

हौदाच्या काठावर बसून तो पाण्यात बघायचा आणि ती रजिस्टरमध्ये. हौदाला वरून पत्र्याचं छप्पर होतं. चौथ्या दिवशी अवेळी एक सर आली, पत्र्यावर ताडताड वाजू लागली, आणि बोलायला दोघांना जवळ सरकावं लागलं. बोलणं काय, तर टायरांचंच. बाबा डोळे मिटून नुसता हात फिरवून सांगतात, हा टायर घाटात चालला, हा सपाटीवर. उजवीकडे जास्त झिजलेला असेल तर ड्रायव्हर घाईचा होता.

"आणि माणसांवर हात न फिरवता सांगतात का?" तिने विचारलं.

"सांगतात ना. मला काल म्हणाले, तू हल्ली एका बाजूने झिजतोयस."

तिने रजिस्टरचं पान उलटलं. सर थांबली होती, तरी दोघं तेवढ्याच अंतरावर बसून राहिली... थोडा वेळ.

सातवा दिवस उजाडला. नियमाप्रमाणे नमुन्याच्या मालकाला चाचणीच्या वेळी हजर राहता येतं, मशीनपासून चार हातांवर आखलेल्या पिवळ्या रेषेच्या पलीकडे. तो धुतलेला शर्ट घालून आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. घाबरला होता, म्हणून जास्तच बोलत होता. लहानपणी लपाछपीत तो टायरांच्या चळतीत शिरून बसला आणि तिथेच झोपला, तेव्हा बाबांनी सगळं आवार उपसून काढलं. शेवटच्या टायरात हा सापडला, तोंडात अंगठा आणि अंगठ्यावर काजळी. हे सांगताना तो हसत होता. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या आधी मिटायचा. हे तिला त्याच सकाळी दिसलं.

तिने तीन ठोकळे हौदातून काढले, पुसले, एकेक करून मशीनमध्ये ठेवले आणि बटण दाबलं. पहिला नऊवर गेला. दुसरा साडेनऊवर. तिसरा नऊवर.

"किती हवे होते?" त्याने विचारलं. माहीत असूनही.

"सातव्या दिवशी... निदान तेरा."

त्याचं हसू एकदम गेलं नाही. कुणी दार हळूच लावून घ्यावं तसं गेलं. "चला," तो म्हणाला. "निदान लवकर कळलं."

"सात दिवसांच्या आकड्यावर निर्णय घ्यायचा नसतो. अठ्ठावीस दिवसांनी..."

"नऊचे वीस होतात का, मॅडम?"

ती खोटं बोलत नसे. "होत नाहीत."

"भट्टीवाल्याचा ट्रक उद्या मोकळा आहे म्हणे," तो म्हणाला. पिवळ्या रेषेच्या पलीकडूनच त्याने तिला नमस्कार केला आणि गेला.

संध्याकाळी घरी तिने पानातलं अन्न इकडचं तिकडे केलं. आई समोर बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होती. तिचं कोड्यात डोकं असलं तरी कान मोकळे असत.

"कुणाचा पडला आज?"

"एका टायरवाल्याचा."

"तो रोज ज्याचं सांगतेस तो?"

"मी रोज कुठे सांगते?"

"बरं," आई म्हणाली. "सहा दिवस. आज सातवा." आणि तिने कोड्यातलं एक अक्षर खोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकळाबाई नेहमीप्रमाणे मशीन पुसायला बसली. खालची पोलादी पाटी पुसली. वरची पाटी हात घालून पुसली, आणि फडकं बाहेर आलं ते लाल.

ती थबकली. मान वाकडी करून तिने वर पाहिलं. वरच्या पाटीवर मेणाचे लाल ठसे उठले होते, एकावर एक पडलेले तीन नंबर, तिच्याच अक्षरातले, पण उलटे.

तिने फडकं उलटून पुन्हा पाहिलं.

ठोकळा मशीनमध्ये आडवा ठेवायचा असतो. साच्याच्या गुळगुळीत बाजू वर आणि खाली, थापीची बाजू कडेला, फोडणाऱ्याच्या समोर. थापीची बाजू कितीही सारखी केली तरी खडबडीतच राहते. त्यात हे रबर, दहा सेकंद मोजूनही थोडं वर आलेलंच. तिच्यावरच भार दिला तर ठोकळा बिचारा काय टिकणार? पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. नऊ वर्षांत ही चूक तिच्याकडून एकदाही झाली नव्हती. काल तिने तीनच्या तीन ठोकळे उताणे ठेवले होते. नंबर वर करून, जसे हौदातून काढले तसेच. कुणी पाहिलं नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं. फडक्याचा आणखी एक हात फिरवला असता की पाटी लख्ख.

तिने फडकं खाली ठेवलं, रजिस्टर उघडलं आणि कालच्या ओळीसमोर लिहिलं: ‘चाचणी रद्द. ठोकळे उताणे ठेवले गेले. चूक माझी.’ खाली सही केली. मग ती रजिस्टर घेऊन साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब केंद्राचे प्रमुख. तीस वर्षं ठोकळे फुटण्याचे आवाज ऐकून ते थोडं मोठ्यानेच बोलत. त्यांनी ओळ वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"तुमच्याकडून?"

"हो साहेब. लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

साहेबांनी खिडकीतून हौदाकडे पाहिलं. रोज तिथे कुणीतरी बसलेलं असायचं, आज नव्हतं.

"हं," साहेब म्हणाले. "त्याला सांगितलं का?"

"फोन करते."

"फोनवर नको. चूक समोर उभं राहून सांगायची. आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशीन मी चालवणार. तुम्ही आणि तुमचं लक्ष, दोघंही पिवळ्या रेषेच्या पलीकडे उभे राहा."

ती गेली तेव्हा आवाराच्या फाटकात ट्रक लागला होता. आत टायर मापाप्रमाणे रचलेले, स्कूटरचे, मोटारींचे, मागे माणसाच्या उंचीचे. मधे एका टायरलाच पाठ लावून केलेल्या खुर्चीत बाबा बसले होते, हात मांडीवर, नजर ट्रककडे नाही. तो पहिल्या चळतीशी उभा होता. तिला बघून त्याच्या हातातला टायर सुटला, गरगरत तिच्याकडेच आला. तिने तो पायाने अडवला.

"थांबा," ती म्हणाली. "ट्रक भरू नका. काल मी चुकले."

"म्हणजे?"

"ठोकळे मी उताणे ठेवले. थापीची बाजू वर. ते नऊ तुमच्या काँक्रीटचे नव्हते, माझ्या चुकीचे होते. खरा आकडा किती, मला माहीत नाही. कदाचित तोही पडेल. पण कालचा खरा नाही."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "पोरी, तू किती वर्षं करतेस हे काम?"

"नऊ."

"मग उताणे कसे ठेवलेस?"

मोठी गुगली पडली होती. तिने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. बाबा आयुष्यभर झीज ओळखत आलेले. त्यांना पुढचं विचारावं लागलं नाही. "मी पाणी आणतो," म्हणत ते उठले आणि पाण्याला इतका वेळ लावला की तेवढ्यात विहीर खणून झाली असती.

"उताणे कसे ठेवलेत?" आता त्याने विचारलं, हळू.

"लक्ष नव्हतं माझं."

"का?"

"तुम्ही हसत होता..." ती टायरकडे बघत बोलत होती. "भिंतीला टेकून. तुमचा डावा डोळा आधी मिटतो. मी ते बघत होते. इतकी वर्षं माझ्यासमोर लोक रडले, ओरडले, कुणी पाया पडले. माझा हात कधी चुकला नाही. काल चुकला. रजिस्टरमध्ये ‘लक्ष नव्हतं’ एवढंही लिहिलेलं नाही, पण तुम्हाला खरं काय ते कळायला हवं. तुम्ही आवार रिकामं करत होता त्यापायी."

बोलून झाल्यावर तिला जाणवलं की आपण काय बोललो. कानाच्या पाळ्या तापल्या. आवारातले सगळे टायर डोळे वटारून बघतायत असं वाटलं.

त्याने तिच्या पायाशी अडलेला टायर उचलून चळतीवर ठेवला. मग ट्रकवाल्याला म्हणाला, "काका, आज नाही. तुमच्या फेरीचं मी बघतो."

ट्रक गेला. ती तिथेच उभी.

"आणि..." तिने विचारलं, "मी जे सांगितलं, त्यावर काही?"

त्याच्या डोळ्यांत पहिल्या दिवसाचा खट्याळपणा परत आला होता. "सात दिवसांवर निर्णय घ्यायचा नसतो, असं कोण म्हणालं?"

"मी ठोकळ्यांबद्दल म्हटलं होतं."

"मीही तेच म्हणतोय. अठ्ठाविसाव्या दिवशी सांगतो."

"कशाबद्दल?"

"दोन्हीबद्दल."

बस पकडून ती परतली ती रागातच. वीस दिवस. माणसाला हौदात बुडवून ठेवायचे वीस दिवस. तिला वाटलं, हा माणूस रबरासारखाच आहे, दाबलं की तेवढ्यापुरता दबतो आणि पुन्हा वर.

त्याच दुपारी तो केंद्रावर आला. ती साहेबांकडे चाचणीचे कागद नव्याने करत होती. बाहेर आली तर तो हौदाच्या काठावर बसून रुमालाने हात पुसत होता.

"झाले बघून?"

"झाले. सुखरूप आहेत."

तिचा मेणखडू टेबलावर नव्हता. संध्याकाळी सापडला, खिडकीत, ओला. तिने पुसून खिशात टाकला. आणि हौदात तो सातवा, जादाचा, पालथा पडलेला दिसला. साफसफाईत कुणीतरी उलटला असेल, असं म्हणून तिने तसाच राहू दिला.

पुढचे दिवस तो येतच राहिला. त्या विषयावर चकार शब्द नाही. उद्यानाची वाट कुठून वळेल, कुठल्या झाडाला वळसा घालेल, पडलं तर गुडघे कमी फुटतील का, हे सगळं बोलायचा. ती विचारायची, "आज कितवा?" तो म्हणायचा, "चौदावा. घाई काय आहे?" ती हौदाचं पाणी बदलायची, जरा जोरातच. आईने कोड्यातून मान वर न काढता जाहीर केलं की घरातला एकेक डबा हल्ली आपटून ठेवला जातो. रागावलेली होती खरी, पण सकाळी निघताना आरशापुढे पूर्वीपेक्षा दोन मिनिटं जास्त जात होती. त्या वीस दिवसांत ती सुखी होती, आणि हे तिला तेव्हाच कळत होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी बाबाही आले. साहेबांनी बाह्या सरसावल्या. ती, तो आणि बाबा पिवळ्या रेषेच्या पलीकडे. तिचे हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

साहेबांनी पहिला ठोकळा आडवा ठेवला, तिला दिसेल असा, मुद्दाम. काटा चढू लागला. दहा. पंधरा. अठरा. चौघांनी श्वास रोखले. नेहमीचा ठोकळा फुटतो तेव्हा धाडकन आवाज होतो, तुकडे जाळीवर आदळतात. याचा आवाजच झाला नाही. काटा थांबला, ठोकळ्याच्या अंगावर भेगा पडल्या, आणि तो होता तिथेच, एकसंध, उभा.

"एकोणीस पूर्णांक आठ," साहेब म्हणाले.

तिच्या शेजारी त्याने डोळे मिटले. या वेळी दोन्ही एकदम.

"तिघांची सरासरी धरतात," ती कुजबुजली. तिचा हात त्याच्या मनगटावर गेला होता. काढून घ्यायचं तिच्या लक्षात आलं नाही.

दुसरा, बावीस. तिसरा, साडेएकवीस.

साहेबांनी कागदावर बेरीज केली, पुन्हा तपासली. "एकवीसच्या वर. पास."

बाबा पुढे झाले. भेगाळलेल्या ठोकळ्यावर त्यांनी हात फिरवला, डोळे मिटून. "तडकला, पण सुटला नाही," ते म्हणाले. "घाटातला असणार." आणि मग त्यांना पुन्हा पाणी आणायचं आठवलं, म्हणून ते बाहेर गेले.

"आता हा एक जादाचा उरला," साहेब हौदाकडे बघत म्हणाले. "काय करायचं याचं?"

"तोही तपासायचा," तो म्हणाला. "पण मॅडमनी ठेवायचा. साहेब, चालेल ना?"

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मशीनपासून बाजूला झाले. "ठेवा. नीट ठेवा."

तिने हौदात हात घातला. पालथा पडलेला ठोकळा उचलून पोटाशी धरला, पुढचा एप्रन ओलाचिंब झाला. मशीनपाशी आली. एकदा श्वास घेतला. गुळगुळीत बाजू खाली, गुळगुळीत बाजू वर. थापीची बाजू आपल्यासमोर. आणि त्या बाजूवर, तिच्या अक्षरातल्या ‘जादा’च्या खाली, वेड्यावाकड्या लाल अक्षरांत लिहिलेलं होतं:

‘लक्ष माझंही नव्हतं. पहिल्या दिवसापासून.’

वीस दिवस. वीस दिवस ते तिच्या हौदात होतं, रोज ती त्याच्यावरचं पाणी बदलत होती.

"चालू करू?" साहेबांनी बटणावर बोट ठेवत विचारलं. त्यांना तिथून अक्षरं दिसत नव्हती. निदान दिसत नसल्यासारखं त्यांनी दाखवलं.

"नको साहेब," ती म्हणाली. "हा फोडायचा नाही."

"अहवालात काय लिहू?"

"लिहा, परत दिला."

साहेब हसले आणि अहवाल खोलीत बसूनच नीट लिहिता येतो असं सांगून निघून गेले.

ती वळली नाही. ठोकळ्याकडेच बघत म्हणाली, "आणि मी पुन्हा उताणा ठेवला असता तर? सगळं चिरडून गेलं असतं. काही कळलं नसतं मला."

तो पिवळी रेषा ओलांडून आला होता. तिच्या अगदी मागे उभा होता. "मला कळलं असतं ना. की तुझं लक्ष अजूनही ठिकाणावर नाही. मला ते चाललं असतं."

तो ‘तू’ म्हणाला होता. तिने ते ऐकलं आणि जागच्या जागी ठेवून दिलं, आठवायला पुढे पुष्कळ वेळ होता.

"दाजींना काय सांगणार?"

"सांगेन, इथे एक वाट करायचीय."

"आणि झाल्यावर?"

"झाल्यावर तिच्यावरून रोज चालायचंय. एकट्याने नाही... म्हणजे, तू हो म्हणालीस तर."

तिने खिशातून मेणखडू काढला. ‘जादा’ या शब्दावर सावकाश एक आडवी रेघ मारली आणि ठोकळा उचलून त्याच्या हातात दिला. तो जड होता, दोघांचेही हात त्याच्याखाली राहिले.

"हो," ती म्हणाली.